चिटोऱ्यांचा संसार : कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८)

विसाव्या शतकातील जर्मन साहित्याच्या इतिहासात कुर्ट श्विटर्सचे नाव एका विक्षिप्त प्रेमकवितेमुळे आणि एका दीर्घ ध्वनिकाव्यामुळे येते. चित्रकलेच्या इतिहासात ते टाकाऊ कागदांच्या कोलाजमुळे येते. हे दोन इतिहास लिहिणारे लोक निराळे, आणि ते एकमेकांचे ग्रंथ क्वचितच उघडतात. परिणामी श्विटर्सचे चरित्र बहुधा अर्धेच सांगितले जाते. त्याने स्वतः मात्र कागद चिकटविणे आणि शब्द जुळविणे यांत कधी भेद मानला नाही. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनी त्याच्या कोलाजकडे वळावे असे वाटण्याचे कारण हेच आहे, कारण त्याच्या चित्रांत जे चिकटविलेले असते ते बहुतांशी छापील भाषेचे तुकडे असतात.

त्याचा जन्म हॅनोव्हर येथे २० जून १८८७ रोजी झाला. आईवडिलांचे स्त्रियांच्या तयार कपड्यांचे दुकान होते. १८९८ मध्ये त्यांनी ते विकले आणि आलेल्या पैशांतून शहरात घरे घेऊन त्यांच्या भाड्यावर निर्वाह चालविला. एकुलता एक मुलगा, बेताची पण निश्चित मिळकत, मध्यमवर्गीय शिस्तीचे घर अशी ही पार्श्वभूमी. या घरभाड्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. पुढे एका कुटुंबाची ताटातूट होण्यात त्यांचा वाटा आहे. लहानपणी त्याने एक छोटी बाग केली होती. गावातल्या मुलांनी ती उद्ध्वस्त केली. त्या धक्क्याने आपल्याला अपस्माराचा पहिला झटका आला, असे तो नंतर सांगत असे. हे १९०१ चे वर्ष. हा विकार त्याला जन्मभर पुरला, आणि पहिल्या महायुद्धात बराच काळ सैन्यभरतीपासून त्याला वाचविणाराही तोच ठरला.

१९०९ ते १९१५ ही वर्षे त्याने ड्रेस्डेनच्या कला अकादमीत काढली. तेथील शिक्षण पूर्णपणे परंपरागत होते आणि श्विटर्स हा त्या परंपरेचा आज्ञाधारक विद्यार्थी होता. निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे, वस्तुचित्रे तो मनापासून रंगवी. ऑक्टोबर १९१५ मध्ये हेल्मा फिशर या नात्यातल्याच मुलीशी त्याचा विवाह झाला. १९१६ मध्ये जन्मलेला पहिला मुलगा, गेर्ड, काही दिवसांतच गेला. दुसरा मुलगा एर्न्स्ट १९१८ च्या नोव्हेंबरात, जर्मनीच्या पराभवाच्या आठवड्यात जन्मला. मधल्या काळात, १९१७ मध्ये, श्विटर्सला लष्करात बोलाविण्यात आले, पण काही महिन्यांतच अपात्र ठरवून सोडण्यात आले. युद्ध संपेपर्यंत त्याने हॅनोव्हरजवळच्या एका लोखंडी कारखान्यात यंत्रांची रेखाटने काढण्याचे काम केले. त्याच्या आरंभीच्या चित्रांत चाके, दाते आणि आस यांची जी गर्दी दिसते तिचे मूळ या नोकरीत शोधावे लागते.

१९१८–१९ च्या हिवाळ्यात हा तिशी ओलांडलेला, सुस्वभावी आणि फारसा न गाजलेला चित्रकार एकदम बदलला. साम्राज्य कोसळले होते आणि अन्नाची टंचाई होती. रंग आणि कॅनव्हास महाग होते, मात्र रस्त्यावर कागद मुबलक होता. फाटलेल्या घोषणा, वर्तमानपत्रे, ट्रामची तिकिटे, शिधापत्रके, पाकिटे, डब्यांवरची लेबले यांचा खच पडलेला असे. श्विटर्सने हे गोळा करण्यास प्रारंभ केला. हान्स आर्प आणि राउल हाउसमान यांच्याशी त्याचा परिचय याच सुमारास बर्लिनमध्ये झाला. कागद कापून चिकटविण्याची पद्धती क्युबिस्ट चित्रकारांनी १९१२ मध्येच रूढ केलेली होती, तेव्हा ही कल्पना त्याची नव्हे. पण क्युबिस्टांच्या चित्रात वर्तमानपत्राचा तुकडा हा टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या जागी येत असे. श्विटर्सकडे तो कशाच्याही जागी येत नाही. तो जो होता तोच राहतो, आणि तरीही शेजारच्या तुकड्यामुळे निराळा दिसू लागतो.

अशाच एका चित्रात त्याने एका बँकेची जाहिरात कापून लावली. 'कोमेर्त्स उंट प्रिव्हाटबांक' हे तिचे नाव. कात्रीतून वाचलेला मधला अक्षरगट होता 'मेर्त्स'. व्यापार या अर्थाच्या शब्दाचे हे उत्तरार्धाचे शकल. स्वतंत्रपणे त्याला अर्थ नाही, पण जर्मन कानाला त्यात वेदना, हृदय आणि निवडून टाकून देणे या तिन्ही अर्थांच्या शब्दांचा नाद लागतो. श्विटर्सने तो शब्द आपल्या सर्व उद्योगाचे नाव म्हणून उचलला. चित्रे मेर्त्स, कविता मेर्त्स, पुढे काढलेले नियतकालिक मेर्त्स, राहत्या घरात उभारलेली वास्तू मेर्त्स, आणि अखेर तो स्वतःलाही मेर्त्स म्हणवू लागला. एखाद्या कलासंप्रदायाचे नाव तोडलेल्या शब्दावरून पडल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

हे चिकटविण्याचे काम तो कसे करी याचे वर्णन त्याला काम करताना पाहणाऱ्यांनी करून ठेवले आहे. पीठ आणि पाणी यांची खळ तो कागदावर सढळ हाताने पसरी. तिच्यावर तुकडे टाकून ओलसर असतानाच ते बोटांनी सरकवी, फिरवी, एकमेकांवर चढवी. जागा ठरली की ओल्या फडक्याने जादा खळ पुसून काढी, आणि थोडी मुद्दाम राहू देई, म्हणजे रंगावर एक पातळ छटा येई. या पद्धतीचे मर्म सरकविण्यात आहे. कवीने मनात ओळ फिरवून पाहावी तसा तो तिकीट फिरवून पाहत असे. मोठ्या रचनांत तारेची जाळी, लाकडाचे तुकडे, खिळे, नाणी, चाके, कापड आणि दोरी येई, आणि तैलरंग या सर्वांना एकत्र बांधी. आपल्याकडच्या वाचकाला येथे गोधडीची आठवण होईल, आणि ती अगदीच गैर नाही. गोधडीतही आजीच्या लुगड्याचा तुकडा ओळखू येतो. फरक एवढाच की श्विटर्सच्या चिंध्या घरच्या नसत. त्या अनोळखी माणसांनी टाकून दिलेल्या असत.

येथे भारतीय कलेतील एक उदाहरण ताडून पाहण्यासारखे आहे. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये पूर्णपणे गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून व चिकटवून चित्रे रचली. त्यांच्या हातात कागद म्हणजे आकार आणि रंग होता. स्पर्शाने ओळखता येणारी कड होती. श्विटर्सच्या हातात कागद हा एक दस्तऐवज होता. त्याच्यावरचा मजकूर, किंमत, तारीख, गावाचे नाव ही चित्राची सामग्रीच असे. म्हणून विनोदबिहारींची चित्रे पाहावी लागतात आणि श्विटर्सची पाहावी तशी वाचावीही लागतात.

ऑगस्ट १९१९ मध्ये बर्लिनच्या 'डेर श्टुर्म' या हेरवार्ट वाल्डेनच्या नियतकालिकात त्याची 'आन आना ब्लूमे' ही कविता आली, आणि त्याच वर्षी हॅनोव्हरच्या पाउल श्टेगेमानने ती इतर लेखनासह पुस्तकरूपाने काढली. ही प्रेमकविता व्याकरणाच्या विभक्ती, जाहिरातीची भाषा, म्हणी आणि मुलांचे बडबडगाणे यांच्या शकलांतून जोडलेली आहे. हॅनोव्हरच्या जाहिरातस्तंभांवर ती झळकली. टीकाकारांनी कवीला वेडा ठरविले आणि पुस्तक भराभर खपले. या कवितेकडे आजही बहुधा विडंबन म्हणून पाहिले जाते. आम्हास ते मान्य नाही. युद्धातून बाहेर पडलेल्या भाषेत सरळ प्रेमकविता लिहिता येत नाही हे त्याने ओळखले होते, आणि तरी ती लिहिण्याचा हट्ट सोडला नाही. शब्दांची शकले वापरूनही या कवितेचा सूर कोमल राहतो, यातच तिचे सामर्थ्य आहे.

बर्लिनच्या दादावाद्यांनी मात्र त्याला दूर ठेवले. रिखार्ड ह्यूल्झेनबेकला तो फार घरगुती, फार मध्यमवर्गीय वाटे. राजकीय बांधिलकीशिवाय कला करणारा वाटे. १९२० च्या बर्लिनमधील दादा प्रदर्शनात त्याला स्थान मिळाले नाही. हाउसमान आणि हाना ह्योख यांच्याशी मैत्री टिकली, ती व्यक्तिगत म्हणून. तो अराजकीय होता हा शिक्का त्याच्यावर दीर्घकाळ राहिला. पण १९१९ च्या एका चित्रात कामगार या अर्थाचा शब्द ठळक लाल अक्षरांत मध्यभागी आहे, आणि भोवती सारे मोडलेले लाकूड व चक्राकार आकार आहेत. घोषणा देणे त्याला आवडत नसे. इतरांच्या फाटक्या घोषणा तो उचलून ठेवी. ही भूमिका पुरेशी आहे की नाही यावर मतभेद संभवतो. नाझी राजवटीला तरी ती सहन झाली नाही.

पुढची दहा वर्षे विलक्षण कार्यमग्न गेली. १९२३ च्या आरंभी थेओ फान डूसबुर्ख आणि त्याची पत्नी नेली यांच्यासह त्याने हॉलंडचा दौरा केला. त्याच वर्षी 'मेर्त्स' हे नियतकालिक निघाले आणि १९३२ पर्यंत अनियमितपणे चालले. त्याचा एक अंक एल लिसित्स्कीच्या सहकार्याने निघाला, एक परीकथेचे पुस्तक म्हणून, ज्यात अक्षरांचे टंक हीच पात्रे आहेत. स्वतः संपादक, स्वतः लेखक, स्वतःच मांडणी करणारा, आणि खर्चाची जुळवाजुळव करणाराही तोच. मुंबईत निघालेल्या 'शब्द', 'असो' यांसारख्या मराठी लघुअनियतकालिकांच्या वाचकाला हा प्रकार परका वाटणार नाही, जरी दोहोंमध्ये थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. उपजीविकेसाठी त्याने जाहिरातींची रचना करणारे कार्यालय १९२४ मध्ये काढले. शाईच्या 'पेलिकान' कंपनीसाठी काम केले, आणि १९२९ पासून पाच वर्षे हॅनोव्हर नगरपालिकेच्या छापील कागदपत्रांची मांडणी केली. म्हणजे ज्या शहराची टाकाऊ पत्रके तो उचलीत असे, त्या शहराची नवी पत्रकेही तोच सजवीत होता. ही गंमत त्याच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही.

याच काळात 'ऊरझोनाटे' सिद्ध होत होते. हाउसमानच्या एका अक्षरकवितेचे ध्वनी हे त्याचे बीज. श्विटर्सने सुमारे दहा वर्षे ते वाढविले. शेवटी चार भागांचे, संगीतातील सोनाटाच्या बंधाचे, शब्दाविना केवळ वर्णोच्चारांचे एक दीर्घ काव्य तयार झाले. १९३२ मध्ये 'मेर्त्स'च्या शेवटच्या अंकात ते यान चिखोल्टच्या अक्षरजुळणीत छापले गेले, आणि त्याच वर्षी कवीच्या आवाजातील काही भाग आकाशवाणीसाठी ध्वनिमुद्रित झाला. ज्याने तराणा ऐकला आहे किंवा पखवाजाचे बोल पढंतीत ऐकले आहेत, त्याला अर्थशून्य वर्णांतून बंध उभा राहतो याचे नवल वाटणार नाही. युरोपीय श्रोत्याला मात्र ते वाटले. प्रथम हसणारे लोक हळूहळू गप्प होत, असे अनेकांनी नोंदविले आहे.

आणि घरात मेर्त्सबाउ वाढत होते. वाल्डहाउझेनश्ट्रासे ५ या वडिलांच्या घरातील आपल्या चित्रशाळेत त्याने १९२३ च्या सुमारास एक स्तंभ उभा केला. त्यावर कागद, वस्तू, मोडतोड चढत गेली. एका स्तंभाच्या माथ्यावर अल्पायुषी गेर्डचा मृत्युमुखवटा होता. मित्रांकडून घेतलेल्या, क्वचित चोरलेल्याही, क्षुल्लक वस्तू वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवल्या गेल्या आणि प्रत्येक मित्राच्या नावाची एक गुहा झाली. पुढे लाकूड आणि प्लॅस्टरचे पांढरे कोनदार आवरण या सर्वांवर चढले. गुहांवर गुहा आल्या आणि जुन्या आत बुजून गेल्या. वास्तू एका खोलीतून दुसरीत शिरली. १९३३ मध्ये घेतलेली थोडी छायाचित्रे सोडली तर तिचे फारसे काही उरलेले नाही. त्या छायाचित्रांत पांढरा, जवळजवळ निर्मळ आकार दिसतो. आत दडलेला केर दिसत नाही. हे दृश्य ज्यांना केवळ वास्तुशिल्प वाटते त्यांनी आतल्या मुखवट्याचा विचार करावा.

१९३३ नंतर दारे एकेक बंद होत गेली. नगरपालिकेचे काम १९३४ मध्ये संपले. १९३६ च्या ऑगस्टमध्ये हॅनोव्हरमधील त्याचे जिवलग स्नेही क्रिस्टोफ आणि लुइझे श्पेंगेमान यांना गेस्टापोने पकडले. वर्षअखेरीस एर्न्स्ट नॉर्वेला गेला, आणि २ जानेवारी १९३७ रोजी श्विटर्सही त्याच्या मागोमाग निघाला. हेल्मा मागे राहिली. भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहायची होती, वृद्ध नातेवाईक होते, आणि मेर्त्सबाउ होते. सवड होईल तेव्हा ती नॉर्वेला येऊन जाई. १९३९ च्या जून महिन्यात ती दोघे शेवटची भेटली. १९३७ च्या जुलैत म्युनिकमध्ये 'अधम कला' या नावाने भरविलेल्या कुप्रसिद्ध प्रदर्शनात ज्या चित्राने मेर्त्सला नाव दिले तेच चित्र मुद्दाम तिरके टांगलेले होते. त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या हिटलरचे छायाचित्र आहे. चित्राचा पुढे पत्ता लागला नाही.

नॉर्वेत ऑस्लोजवळच्या लिसाकर येथे त्याने दुसरे मेर्त्सबाउ सुरू केले आणि मोल्डेजवळच्या येर्तया बेटावरील उन्हाळी झोपडीच्या भिंती चिटोऱ्यांनी मढविल्या. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरले. मुलगा आणि सून यांच्यासह तो उत्तरेकडे पळत राहिला आणि जून १९४० मध्ये 'फ्रित्योफ नान्सेन' या जहाजातून स्कॉटलंडला पोहोचला. तेथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला कैद झाली. जुलै १९४० पासून नोव्हेंबर १९४१ पर्यंत तो आइल ऑफ मॅनवरील हचिन्सन छावणीत होता. छावणी विद्वान आणि कलावंतांनी भरलेली होती. साहित्य मिळत नसे, तेव्हा जमिनीवरचे लिनोलियम, चहाच्या खोक्यांचे लाकूड, पाकिटे, जे मिळेल त्यावर त्याने काम केले. न्याहारीच्या उरलेल्या लापशीची शिल्पे केली, आणि त्यांना बुरशी येऊन दुर्गंधी सुटल्याची हकीकत सहबंदी फ्रेड उलमानने लिहिली आहे. हाच माणूस त्याच छावणीत सहबंद्यांची यथार्थ, अकादमिक पद्धतीची व्यक्तिचित्रे पैसे घेऊन रंगवीत असे. आधुनिकतेचे इतिहासकार या व्यक्तिचित्रांबद्दल ओशाळल्यासारखे बोलतात. त्याला स्वतःला त्यात संकोच वाटल्याचे दिसत नाही.

सुटकेनंतर लंडनमध्ये एडिथ टॉमस ही तरुण स्त्री त्याच्या आयुष्यात आली. चहा हवा का असे ती वारंवार विचारी, म्हणून त्याने तिचे नाव 'वाँटी' ठेवले. परक्या भाषेतल्या एका घरगुती प्रश्नाचा तुकडा असा माणसाच्या नावाला चिकटला. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानहल्ल्यात हॅनोव्हरचे घर आणि त्यासह मेर्त्सबाउ नष्ट झाले. १९४४ च्या एप्रिलमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर हेल्मा कर्करोगाने वारली, आणि ही वार्ता त्याला डिसेंबरमध्ये कळली. त्याच महिन्यात लंडनमध्ये त्याचे एकल प्रदर्शन भरले होते. पुस्तिकेची प्रस्तावना हर्बर्ट रीडची होती. चित्रे फारशी विकली गेली नाहीत.

या वर्षांतील कोलाज क्रमाने पाहिले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे जाणवते. १९१९ मधील तुकड्यांची भाषा जर्मन आहे. १९२३ मध्ये डच शब्द येतात. १९३७ पासून नॉर्वेजियन, आणि १९४० नंतर इंग्रजी बसतिकिटे, मिठाईची वेष्टने, टपालाचे शिक्के. त्याने कविताही इंग्रजीत लिहिण्यास आरंभ केला, पण ती उसनी भाषा कवितेत अडखळते. कोलाजमध्ये ती अडखळत नाही, कारण तेथे ती बोलावी लागत नाही. उचलून ठेवली की पुरे. भाषा हरवलेल्या निर्वासित लेखकाचा प्रश्न आपल्याही साहित्यांना, विशेषतः फाळणीनंतरच्या सिंधी, उर्दू आणि बंगाली लेखनाला, परिचित आहे. त्यावर श्विटर्सने काढलेला तोडगा चित्रकाराचा होता. तो प्रत्येक लेखकाला उपलब्ध नसतो हेही खरेच. १९४७ चे 'फॉर केटे' हे चित्र अमेरिकेहून आलेल्या रंगीत हास्यचित्रमालिकांच्या तुकड्यांतून केले आहे. त्याची जुनी सहकारी केटे श्टाइनित्स अमेरिकेत स्थायिक झाली होती, तिच्या नावाने ते आहे. पुढे पॉप कला म्हणून गाजलेल्या पद्धतीची चाहूल येथे लागते असे समीक्षक म्हणतात, आणि ते बरोबर आहे. तरी हे मुळात दूरच्या मैत्रिणीला लिहिलेले पत्र आहे.

जून १९४५ मध्ये तो आणि एडिथ इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील अँबलसाइड येथे राहावयास गेले. गावकऱ्यांची चित्रे आणि प्रवाशांसाठी निसर्गदृश्ये रंगवून दिवस निघत. मार्च १९४७ मध्ये लंडनच्या एका कलादालनात त्याने 'ऊरझोनाटे' म्हणून दाखविले. ध्वनिमुद्रणाच्या विचाराने आलेले नभोवाणीचे अधिकारी मध्येच उठून गेले. जून महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून एक हजार डॉलरचे साहाय्य मंजूर झाले. ते मूळचे जर्मनी किंवा नॉर्वेतील बांधकामे वाचविण्यासाठी होते. हॅनोव्हरचे वाचविण्याजोगे काही उरलेले नव्हते आणि नॉर्वेला जाण्याइतकी प्रकृती नव्हती. त्याने ते पैसे एल्टरवॉटर येथील एका दगडी कोठारात घातले. कोठार हॅरी पिअर्स या उद्यानरचनाकाराचे होते. खिडकीतून थोडा प्रकाश, मातीची जमीन, हिवाळ्याची ओल, आणि साठीचा, हृदयविकाराने खिळखिळा झालेला माणूस. त्याने एका भिंतीवर प्लॅस्टर, फांद्या, दोरी, दगड, जाळी आणि रस्त्यात सापडलेल्या वस्तू बसवावयास घेतल्या. बाकीच्या तीन भिंती राहूनच गेल्या.

७ जानेवारी १९४८ रोजी त्याला ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचे पत्र आले. दुसऱ्या दिवशी केंडलच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला.

लिसाकरचे मेर्त्सबाउ १९५१ मध्ये मुलांच्या खेळण्यात लागलेल्या आगीत जळाले. एल्टरवॉटरची ती एकच भिंत १९६५ मध्ये कोठारातून अखंड काढून न्यूकॅसल विद्यापीठाच्या हॅटन कलादालनात नेण्यात आली. छावणीत रंगविलेले उलमानचे व्यक्तिचित्रही त्याच कलादालनाच्या संग्रहात आहे. हॅनोव्हरच्या मेर्त्सबाउतील मुख्य खोलीची प्रतिकृती छायाचित्रांवरून १९८१ ते १९८३ या काळात पेटर बिसेगरने तयार केली. ती तेथील श्प्रेंगेल संग्रहालयात पाहता येते. अँबलसाइडच्या दफनभूमीतील कबरीवर १९६६ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. चार वर्षांनी अस्थी हॅनोव्हरला नेण्यात आल्या, आणि तेथे त्याच्याच १९२९ च्या एका लहान शिल्पाची संगमरवरी प्रत कबरीवर उभी आहे. अँबलसाइडचा दगड त्यानंतरही तेथेच ठेवला गेला, खाली कोणी नसताना.